मूनस्टोनमधली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विल्की कॉलिन्सची मूनस्टोन ही इंग्रजी रहस्यकादंबरी हातात घेतली की प्रत्येकाला साधारण तेच तेच प्रश्न पडतात. मलाही पडले होते, आणि नंतर ज्यांना ज्यांना पुस्तक दिलं त्यांनीही तेच विचारले, म्हणून एकदाच लिहून ठेवते. अर्ध्या पानापर्यंत चोर कोण ते सांगितलेलं नाहीये. पुढे जिथून सगळं उघडं पडतं तिथे मोठ्या आवाजात सांगितलंय, तिथे थांबायचं की नाही तुमचं तुम्ही बघा, नंतर मला बोलायचं नाही.

गोष्ट काय आहे, दोन ओळीत?

दोन ओळीत नाही होणार पण बघते. १८४८ चा जून महिना, इंग्लंडमधे यॉर्कशायरच्या समुद्रकिनाऱ्याजवळ लेडी व्हेरिंडर नावाच्या बाईंचं मोठं घर. त्यांची एकुलती एक मुलगी रेचल, २१ जूनला तिचा अठरावा वाढदिवस. त्या दिवशी तिला मेलेल्या मामाच्या मृत्युपत्रातून एक हिरा भेट मिळतो, ती तो रात्री पार्टीत मिरवते, झोपताना खोलीतल्या कपाटात ठेवते आणि सकाळी हिरा गायब. बाहेरून कुणी आलेलं नाही, म्हणजे घरातलंच कुणीतरी. पुढची पाचशे पानं त्या एका रात्रीची.

मूनस्टोन म्हणजे आपला चंद्रकांत मणी का?

नावावरून तसंच वाटतं पण नाही. हा पिवळसर हिरा आहे, चंद्र वाढेल तशी त्याची चमक वाढते आणि घटेल तशी घटते अशी समजूत म्हणून ते नाव. कादंबरीतल्या गोष्टीप्रमाणे तो सोमनाथच्या चंद्रदेवाच्या कपाळावर होता, गझनीच्या महमूदाच्या हल्ल्यातून मूर्ती वाचली आणि बनारसला नेली, विष्णूने तीन ब्राह्मणांना स्वप्नात सांगितलं की तुम्ही आणि तुमच्या मागून येणाऱ्यांनी याची राखण करायची. औरंगजेबाच्या काळात तो लुटला गेला, हात बदलत बदलत टिपू सुलतानाकडे आला, टिपूने तो खंजिराच्या मुठीत बसवला आणि १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा जॉन हर्नकॅसल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राखणदारांना मारून तो ढापला. हाच तो मामा.

सोमनाथ शंकराचं, त्यात वेगळा चंद्रदेव कुठला आणि स्वप्नात विष्णू कसा, असा प्रश्न आपल्याकडच्या कुणालाही पडेल. कॉलिन्सने जे वाचलं त्याची त्याच्या डोक्यात खिचडी झालेली दिसते. हिरा मात्र हवेतून आणलेला नाही, प्रस्तावनेत त्याने स्वतःच कोहिनूर आणि रशियाच्या झारच्या राजदंडावरचा हिरा अशी दोन नावं दिली आहेत.

एवढी पात्रं आहेत, कुणाकुणाला लक्षात ठेवू?

रेचल. फ्रँकलिन ब्लेक आणि गॉडफ्री एबलव्हाइट, म्हणजे तिच्याशी लग्न करू पाहणारे दोघं. म्हातारा कारभारी गॅब्रिएल बेटरेज. मोलकरीण रोझॅना स्पिअरमन. सार्जंट कफ. मिस क्लॅक. एझ्रा जेनिंग्ज, जो खूप उशिरा येतो. आणि हिऱ्याच्या मागावर आलेले तीन हिंदुस्थानी ब्राह्मण, ज्यांना नावंच नाहीत. बाकी वकील मिस्टर ब्रफ, डॉक्टर कँडी, सावकार लूकर हे येतील तेव्हा कळतीलच. सुपरिंटेंडंट सीग्रेव्ह हा स्थानिक पोलीस फक्त गोंधळ घालायला आहे, त्याला विसरलात तरी चालेल.

एकच गोष्ट इतके जण का सांगतात?

फ्रँकलिनने ठरवलेलं असतं की झाल्या प्रकाराची नोंद व्हायला हवी आणि ज्याने जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याने तेवढंच लिहायचं. कोर्टात साक्षीदार उभे करावेत तसं. कॉलिन्स वकिलीचं शिक्षण घेतलेला होता ते इथे दिसतं. म्हणजे आधी बेटरेज, मग मिस क्लॅक, मग ब्रफ, मग फ्रँकलिन स्वतः, जेनिंग्जची डायरी, कफचा रिपोर्ट असं करत करत गोष्ट पुढे जाते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याबद्दल काय म्हणतो ते वाचून आपल्याला सांगणाराच जास्त कळतो.

आता माझं एक म्हणणं, पुढची बरीच उत्तरं त्यावरच आहेत. लेखणी कुणाला मिळाली हे सगळेच बघतात, तुम्ही कुणाला मिळाली नाही ते बघा. ज्यांना खरं माहीत होतं त्यांना या पुस्तकात आपली बाजू लिहायला दिलेलीच नाहीये, आणि रहस्य एवढं लांबतं ते त्यामुळेच.

बेटरेज फार बोलतो, त्याची पानं उडवली तर?

उडवू नका हो. पहिली शंभरेक पानं कंटाळा येईल हे मान्य, हा माणूस तीनदा गोष्ट सुरू करतो आणि तीनदा भरकटतो. पण सगळे धागे तिथेच पडलेत. सत्तरी उलटलेला, या घराण्यात पोरवयात हरकाम्या म्हणून लागलेला आणि कारभारी होऊन बसलेला, त्याचा देव म्हणजे रॉबिन्सन क्रूसो. काही अडलं की ते पुस्तक उघडायचं आणि जी ओळ समोर येईल तो कौल. आपल्याकडे काही घरांत पोथी उघडून बघतात ना, तसंच. सहा प्रती झिजवून झाल्यात, सातवी मालकिणीने दिली आहे.

त्याच्या लग्नाची गोष्ट वाचताना मी ट्रेनमधे एकटीच हसत होते. सेलिना त्याच्या घरचं सगळं करायची आणि दर आठवड्याला पैसे घ्यायची, याने हिशेब केला की लग्न केलं तर हेच फुकटात होईल, म्हणून केलं. फुकटात पडलं नाही ते पुढे तोच सांगतो. आणि एक गंमत, त्याला तारखा इतक्या पक्क्या कशा आठवतात? नाही आठवत, मुलगी पेनेलोपी डायरी लिहिते, तीच सांगते. म्हणजे पहिला अर्धा भाग बापाच्या नावावर पण मटेरियल लेकीचं, आणि ती डायरी दाखवायला तयार नाही. बघा, इथूनच सुरू झालं.

सार्जंट कफ डिटेक्टिव्ह आहे, म्हणजे तोच केस सोडवणार ना?

असं समजून वाचाल तर चिडाल. कफ येतो तो झकास, काळे कपडे, हाडकुळा, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चेहरा, बघून वाटावं हा अंत्यविधीची कामं करणारा आहे. आल्या आल्या माळ्याशी भांडण काढतो, गुलाबांमधल्या वाटेवर खडी हवी का हिरवळ यावरून. रिटायर होऊन गुलाब लावायचे हे त्याचं स्वप्न. पण काम सुरू झालं की बघावं. रेचलच्या खोलीच्या दाराला ताजा रंग दिलेला, त्यावर एक फराटा उमटलाय. सीग्रेव्ह म्हणतो बायकांचे घागरे लागले असतील, क्षुल्लक आहे. कफ म्हणतो की एवढ्या नोकरीत मला क्षुल्लक अशी गोष्ट अजून भेटलेली नाही. मग रंग वाळायला किती तास लागतात तो हिशेब लावतो आणि सांगतो की घरात कुठेतरी रंग लागलेला एक कपडा आहे, तो ज्याचा तो आपला माणूस. धोब्याच्या वहीशी सगळ्यांचे कपडे ताडून बघू म्हणतो. सगळे तयार होतात. फक्त रेचल नाही म्हणते.

आणि मग एवढा हुशार कफ त्यावरून जो निष्कर्ष काढतो तो चुकतो. पूर्ण चुकतो. लेडी व्हेरिंडर त्याला चेक देऊन वाटेला लावतात. जाताना तीन गोष्टी घडतील म्हणून सांगून जातो, त्या तिन्ही घडतात, पण मुळातला संशय चूकच.

म्हणूनच मला तो आवडतो. नंतरच्या काळातल्या कधीच न चुकणाऱ्या डिटेक्टिव्हांपेक्षा हा बरा, चुकलो म्हणतो आणि परत येतो.

कफ खऱ्या माणसावरून घेतलाय का?

बऱ्यापैकी हो. स्कॉटलंड यार्डची डिटेक्टिव्ह शाखा १८४२ ला सुरू झाली, त्या पहिल्या पिढीतला जोनाथन व्हिचर. १८६० ला रोड हिल हाउस नावाच्या घरात चार वर्षांचाही नसलेल्या एका पोराचा खून झाला, व्हिचरने त्याच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्स केंटवर संशय घेतला, आणि त्याचा मुख्य आधार काय तर धुण्याच्या यादीत असलेला आणि कपाटात नसलेला तिचा एक नाइटगाऊन. लोक खवळले, एका साध्या घरच्या पोलिसाची सभ्य घरातल्या मुलीकडे बोट दाखवायची हिंमत कशी होते म्हणून. तिला सोडून दिलं, व्हिचरचं नाव बदनाम झालं, पुढे त्याने नोकरी सोडली. १८६५ ला तिने स्वतः कबुली दिली. कॉलिन्सने १८६८ ला लिहिताना ती धुण्याची यादी आणि हरवलेला नाइटगाऊन उचलला, फक्त खुनाच्या जागी चोरी ठेवली.

मिस क्लॅक एवढी डोक्यात जाते, ती आहे कशाला?

डोक्यात जायलाच आहे. गरीब नातेवाईक, अतिधार्मिक, जाईल तिथे धर्मप्रचाराची पत्रकं टाकत सुटते, उशीखाली, सोफ्यावर, बाथरूममधे. एका पत्रकाचं नाव हेअरब्रशमधला सैतान असं काहीतरी. लेडी व्हेरिंडर हृदयविकाराने आजारी, तर ही बाई घरभर पत्रकं लपवत फिरते. पडद्यामागे उभी राहून दुसऱ्यांचं लग्नाचं बोलणं सगळं ऐकते आणि वर आपल्यालाच सांगते की मी नाइलाजाने ऐकलं. प्रत्येक सोसायटीत एक असते, नाव घेत नाही.

पण तिच्याकडे जरा दया ठेवूनही बघा. बाप गेला तशी गरिबी आली, स्वस्त म्हणून फ्रान्समधे जाऊन राहते, फ्रँकलिनने पैसे दिले म्हणून हे लिहिते आणि तेही तिला बोचतं. आणि गॉडफ्रीवर तिचा जीव आहे, हे तिला सोडून सगळ्यांना कळतं.

रेचलचे दोन्ही उमेदवार तिचे मावसभाऊ?? हे कसं चालतं?

हा प्रश्न आपल्याकडेच येतो आणि हमखास येतो. हो, हर्नकॅसल घराण्यातल्या तीन बहिणी, ॲडलेड, कॅरोलाइन आणि ज्युलिया. फ्रँकलिन थोरलीचा, गॉडफ्री मधलीचा, रेचल धाकटीची. आपल्याकडे मामेभाऊ आतेभाऊ एकवेळ चालून जातं, मावसभाऊ म्हणजे सख्ख्यासारखाच, त्यामुळे पहिल्यांदा वाचताना पचत नाही. तिकडे त्या काळी चालायचं, राणी व्हिक्टोरियाचा नवरा तिचा मामेभाऊच होता. तेवढं बाजूला ठेवून वाचा.

इथून पुढे सगळं उघड आहे. वाचायचं असेल पुस्तक तर आत्ता बंद करा. खरंच.

रेचल गप्प का बसते? एक वाक्य बोलली असती तर पुस्तक संपलं असतं!

अगदी. तिने हिरा उचलणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय आणि तो फ्रँकलिन आहे, ज्याच्यावर हिचं प्रेम आहे तोच. बोलली तर तो जेलमधे, आणि न बोलली तर सगळे हिच्यावर संशय घेणार, कफ तर म्हणतो हिनेच कर्ज फेडायला स्वतःचा हिरा लपवला. तरी ही गप्प. त्यात कहर म्हणजे हिरा शोधायला पोलिसांना बोलवणारा, सगळ्यात जास्त धावपळ करणारा तोच फ्रँकलिन, म्हणजे तिच्या नजरेत किती निर्लज्ज. लोक तिला हट्टी, तापट म्हणतात, मला तर ती पुस्तकातली सगळ्यात कणखर वाटते. लिहायला तिला एक पान नाही मिळालेलं, अख्खी गोष्ट तिच्या हिऱ्याची असून.

रोझॅनाचं नक्की काय झालं?

रोझॅना आधी चोरी करायची, शिक्षा भोगून झाल्यावर सुधारगृहातून लेडी व्हेरिंडरांनी सगळं माहीत असून तिला कामावर घेतली. एक खांदा वर, दिसायला साधी, कुणात मिसळत नाही. फ्रँकलिनच्या प्रेमात पडते आणि त्याला याचा पत्ताही नसतो. सकाळी त्याची खोली आवरताना तिला त्याच्या नाइटगाऊनवर रंगाचा डाग दिसतो. तिला आधी वाटतं हा रात्री रेचलच्या खोलीत होता, त्याने जीव जळतो, मग कळतं की हिरा चोरीला गेलाय आणि ती समजते की हा चोर, म्हणजे माझ्याच जातकुळीतला, म्हणजे आता माझ्यात आणि याच्यात तेवढं अंतर राहिलं नाही! हा विचार वाचताना अंगावर काटा येतो. ती गावातून कापड आणून रात्रभर जागून तसाच दुसरा गाऊन शिवते आणि डागाचा लपवते. पुरावा हातात असून त्याला वाचवते, त्याच्याशी बोलायचा प्रयत्न करते, तो बघतही नाही, तुटक काहीतरी बोलून निघून जातो. तिथे समुद्राकाठी शिव्हरिंग सँड नावाची माणूस गिळणारी वाळू आहे, भरती ओहोटीच्या वेळी थरथरते, त्यात ती स्वतःला झोकून देते.

तिचं पत्र फ्रँकलिनच्या हातात पडायला जवळपास वर्ष जातं. तिची मैत्रीण लंगडी लूसी, कोळ्याची पोर, ते देते. या दोघींचं ठरलेलं असतं की लंडनला जाऊन शिवणकाम करून बहिणींसारखं राहायचं. लूसी तोंडावर म्हणते की गरीब श्रीमंतांवर उठतील तो दिवस लांब नाही आणि सुरुवात या माणसापासून होवो. १८४८ साल लक्षात घ्या, युरोपभर क्रांत्या चालू होत्या. दोन पानांचं पात्र आहे पण विसरता येत नाही.

मग पत्रात सांगितलेल्या जागी फ्रँकलिन वाळूतून पेटी ओढून काढतो, गाऊन उलगडतो, डाग बघतो, नाव बघतो. नाव त्याचंच. शोधणाराच चोर, आणि त्याला स्वतःला काही आठवत नाही.

म्हणजे चोर कोण शेवटी?

उचलला फ्रँकलिनने, पचवला गॉडफ्रीने. झालं असं की फ्रँकलिनने रेचलसाठी सिगार सोडली होती, त्यामुळे झोप उडालेली. वाढदिवसाच्या जेवणात त्याने डॉक्टर कँडीला डिवचलं की तुमचं औषधशास्त्र म्हणजे अंधारात चाचपडणं, तर कँडीने धडा शिकवायला गुपचूप त्याच्या पेयात अफूचा अर्क घातला. गुंगीत फ्रँकलिनच्या डोक्यात एकच, हिरा सुरक्षित नाही. उठला, काढून आणला, गॉडफ्रीकडे दिला की बँकेत ठेव, आणि झोपला. सकाळी काही आठवेना. गॉडफ्रीने बघितलं की याला आठवत नाही आणि तोंड बंद ठेवलं.

गॉडफ्री म्हणजे समाजसेवक, महिला मंडळांचा लाडका, स्टेजवर गोड बोलणारा. प्रत्यक्षात एका पोराच्या ट्रस्टचे २०,००० पौंड उडवून बसलेला, उपनगरात बाईला बंगला घेऊन दिलेला. लूकरकडे हिरा गहाण टाकून २,००० पौंड उचलतो. शेवटी खलाशाचा वेष घेऊन पळायच्या बेतात असताना खाणावळीच्या खोलीत उशीने गुदमरून मारलेला सापडतो, आणि कफ त्याची खोटी दाढी आणि केस काढून दाखवतो. त्याआधी कफने एका बंद पाकिटात संशयिताचं नाव लिहून दिलेलं असतं, ते उघडतात तर बरोबर. दुसऱ्या प्रयत्नात पास.

अफूने असं खरंच होतं का? आणि एझ्रा जेनिंग्ज कोण?

कँडीचा असिस्टंट. सावळा, केस अर्धे काळे अर्धे पांढरे, बाप इंग्रज आणि कुठल्यातरी वसाहतीत जन्म, आईबद्दल बोलता बोलता गप्प होतो. जुना खोटा आळ मागे लागलेला, दुखण्यासाठी स्वतः अफू घेणारा. कँडी त्या रात्री पावसात भिजून आजारी पडतो, स्मरणशक्ती जाते, त्याच्या तापातल्या बडबडीचे तुकडे जोडून जेनिंग्ज खरं काय ते ओळखतो. मग वर्षभराने तोच प्रयोग परत करतात, तेच घर तसंच लावून, फ्रँकलिनची सिगार बंद करून, अफू देऊन, आणि रेचल बघत असते. फ्रँकलिन पुन्हा उठून नकली हिरा उचलतो. बेटरेज या सगळ्यात फक्त पेंढा भरलेल्या पक्ष्याची आणि फर्निचरची चिंता करत असतो.

शास्त्र म्हणाल तर कादंबरीतच त्या काळच्या डॉक्टरांची नावं देऊन एका हमालाचं उदाहरण दिलंय, दारूच्या नशेत पार्सल कुठेतरी विसरला, शुद्धीवर आठवेना, परत प्यायल्यावर आठवलं. असं एका डोसात इतकं नेमकं घडेल यावर माझा विश्वास नाही. पण अफू काय करते हे कॉलिन्सला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती, संधिवाताच्या दुखण्यासाठी तो स्वतः वर्षानुवर्षं घ्यायचा, हीच कादंबरी लिहिताना तो अंथरुणाला खिळलेला आणि आई मरणाच्या दारात. जेनिंग्जमधे तो सगळ्यात जास्त उतरलाय असं मला वाटतं. आणि जेनिंग्जला मागून घेतलेलं काय मिळतं, तर नाव नसलेली कबर.

ते तीन हिंदुस्थानी व्हिलन आहेत का?

घरातले सगळे पहिल्यांदा त्यांच्यावरच संशय घेतात, जादूचे खेळ करणारे बनून आलेले असतात म्हणून, आणि पोलीस काही सिद्ध होत नसताना आठवडाभर आत टाकतात. चोरी त्यांनी केलेली नसतेच. खून मात्र करतात, गॉडफ्रीचा, ते लपवायचं कारण नाही. पण पुस्तकभर हिरा विकायचा, गहाण टाकायचा, मिरवायचा विचार न करणारे फक्त हे तिघंच.

त्यांच्याबरोबरचा मुलगा तळहातावरच्या शाईत बघून लांबचं सांगतो तो प्रकार वाचताना मला आजीने सांगितलेलं अंजन बघणं आठवलं, कोकणात हरवलेली वस्तू शोधायला लहान पोराला अंजन लावून बघायला बसवायचे. इंग्रज वाचकाला ते भुताटकीचं वाटलं असेल.

दुसरं म्हणजे समुद्र ओलांडणं. ब्राह्मणाने समुद्रापार जाणं म्हणजे जात गेली, हे १८८३ ला आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा सुद्धा केवढं पेटलं होतं ते आपल्याला माहीत आहे. हे तिघं त्याच्याही पस्तीसेक वर्षं आधी हे माहीत असूनच निघालेत.

मग हिऱ्याचं काय होतं?

तिघं मुंबईला जाणाऱ्या जहाजावर चढतात, काठेवाडजवळ वारा पडून जहाज थांबतं तेव्हा रात्री होडी घेऊन पसार होतात. शेवटची साक्ष मर्थवेटची, हिंदुस्थान पायाखाली घातलेला आणि इथल्या भाषा बोलणारा इंग्रज प्रवासी. १८५० साल, वेष बदलून सोमनाथच्या यात्रेत मिसळलेला. खरं बघायला गेलं तर तोपर्यंत अहिल्याबाई होळकरांनी १७८३ ला बांधलेलं देऊळ तिथे उभं होतं आणि पूजा तिथेच चालायची, कॉलिन्सच्या पानात त्याचा मागमूस नाही.

चांदण्यात हजारोंची गर्दी, टेकाडावर तिघं उभे. हिरा परत आणला पण जात गेली, म्हणून प्रायश्चित्त असं की तिघांनी तीन दिशांना जायचं आणि पुन्हा एकमेकांचं तोंड बघायचं नाही. एकमेकांना मिठी मारतात, गर्दी वाट करून देते, आणि तिघं तीन वाटांनी निघून जातात. मग पडदा सरकतो आणि मूर्तीच्या कपाळावर तो पिवळा हिरा. हे सगळं मर्थवेट लांबून बघून वकिलाला पत्रात कळवतो. त्या तिघांना काय वाटलं ते कुणी विचारलेलं नाही.